सायकलचं वेगळं तिकीट

खिडकीतला माणूस विचारतो, सायकल स्वतःची की भाड्याची?
मी म्हणते, मुलीची.
मुलगी हॅलिफॅक्सला. सायकल बोरिवलीत, गॅलरीत,
चार वर्षं तिच्या हँडलवर पायपुसणी वाळत होती.
तो तिचं वेगळं तिकीट फाडतो.
सकाळचे साडेसात. ऑक्टोबर.

गिल्बर्ट पुढे. वय एकाहत्तर, राहणार आयसी कॉलनी,
हेल्मेटखाली चौकड्यांचा रुमाल,
आणि कान्हेरीपर्यंतच्या एकेका वळणाला त्यानं ठेवलेलं नाव:
हे सासूचं. हे इन्कमटॅक्सचं.
हे मुक्याचं, म्हणजे इथं बोलायचं नाही, नुसता श्वास घ्यायचा.
हे डॉक्टर बांबोळकरांचं,
ज्यांनी त्याला बजावलं होतं, चढ कायमचा बंद.
डॉक्टर गेले.
चढ आहे.

हायवेची घरघर बराच वेळ पाठीवर बसून येते,
मग एका वळणावर निमूट उतरते,
तिचा स्टॉप आल्यासारखी.
त्यानंतर सातभाईंची कलकल
(आमच्या सोसायटीची मीटिंग, हुबेहूब),
माझे गुडघे,
आणि कुठून तरी खाली, दगडांमधून,
उरलंसुरलं पाणी.

कडेला करवी. नुकतीच फुलून गेलेली,
जांभळं काही नाही आता, चिकट वासाची बोंडं फक्त.
वैशाखात तडतडतील, गिल्बर्ट ओरडून सांगतो,
सात-आठ वर्षांनी एकदा, मी पाच बघितल्या!
मी हिशेब करते.
पुढच्या किती मिळतील त्याचा नाही,
दोन किलोमीटरवर राहून
किती चुकवल्या त्याचा.

मुक्याच्या वळणावर साखळी पडली.
गिल्बर्ट दिसेनासा झालेला.
हाक मारणार होते, पण समोर पाटी:
बिबट्याचा वावर, शांतता राखा.
सायकल उलटी केली, चाकं आभाळाकडे,
मुलगी करायची तशी.
साखळी ओढली. बोट चिमटलं. शिवी दिली,
तीही शांतता राखून.
जंगल काही करत नव्हतं. नुसतं होतं.
मला वाटलं, कोणीतरी माझं काम तपासतंय.

तेवढ्यात खालून पाटी घेऊन एक बाई आली.
बारकूबाई दुमाडा. पाटीत काकड्या, मीठ-तिखटाची पुडी,
लेण्यांपाशी बसते विकायला.
पाटी उतरवली, करवीची एक काटकी मोडली,
साखळीखाली घातली, म्हणाली,
"पुढं नको गं रेटू. मागं फिरव. मागं फिरवला का बसते ती."
पायडल मागं फिरवलं.
बसली.

तिचा पोरगा गेटपाशी भाड्याच्या सायकली देतो, म्हणून माहीत.
ती पाटी डोक्यावर घेत विचारते,
"वर काय काम हाय तुजं?"
मी लेण्यांचं नाव घेणार होते. व्यायामाचं घेणार होते.
म्हटलं, काही नाही.
"मंग ये सावकाश," म्हणाली,
आणि माझ्या आधी वर पोचली.

वर, दगडातल्या टाक्याच्या काठावर गिल्बर्ट
पाय सोडून बसलेला, मोजे उन्हात.
मी ग्रीसच्या हातानं काकडी खाल्ली.
काळे ठसे, मीठ, पुन्हा काळे ठसे.
इथे भिक्षू पावसाचं पाणी साठवायचे म्हणे;
मी हात धुवायला वाकले, आणि नाही धुतले.
लांब, धुरकट, आमच्या इमारती:
कुठली आमची ते ओळखायचा प्रयत्न केला,
मग सोडला.

उतरताना पायडल मारावं लागत नाही.
मागच्या चाकाची किरकिर, रातकिड्यासारखी,
आणि झाडं वाट देत मागे मागे.
मी ओरडून विचारलं,
गिल्बर्ट, या बाजूनं वळणांची नावं काय?
तो वाऱ्यातून म्हणाला,
उताराला नावं ठेवत नाहीत!

गेटपाशी एक पोरगा वाकून पंप मारत होता.
मी घंटी वाजवली, उगाचच, दोनदा.
त्याला काय कळणार.
त्यानं वर बघितलं, आणि म्हणाला,
मावशी, मागची हवा कमी आहे.